शिंग फुंका, मग रानात शिरा: सॅक्सन–केल्ट काळातली मुलांची गोष्ट कशी लिहावी

सॅक्सन म्हणजे समुद्रापलीकडून ब्रिटनमध्ये आलेले लोक आणि केल्ट म्हणजे तिथले आधीचे रहिवासी, ज्यांना मी पुढे ‘ब्रिटन’ म्हणणार आहे. या दोघांचं नाव काढलं की लिहिणाऱ्याला आधी राजा आर्थर दिसतो. त्याला बाजूला ठेवा. सहाव्या शतकात लिहिणारा ब्रिटन धर्मगुरू गिल्डास पुढे आर्थरच्या नावावर लागलेल्या बेडन टेकडीच्या लढाईबद्दल सांगतो, सॅक्सनांशी लढलेल्या अँब्रोसियस ऑरेलियानसचं नाव घेतो, पण आर्थरचा उल्लेखही करत नाही. आर्थरच्या बारा लढायांची यादी मिळते ती ८२९-३० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात, म्हणजे घडलं असेल तर त्यानंतर तीनेकशे वर्षांनी. पुराव्याचं मी एवढं मनावर घेत नाही, गोष्ट लिहिणाऱ्याला तेवढी मुभा असतेच. माझी तक्रार वेगळी आहे. आर्थर आला की बाकीची सगळी पात्रं भिंतीला टेकून उभी राहतात. दहा वर्षांच्या मुलाला मग त्या गोष्टीत कामच उरत नाही. फार तर घोडा धरायचा.

मी मूळची मिरजेची. आता इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, सॉमरसेटमधल्या फ्रूम गावात राहते. रविवारी ब्रिस्टलला मराठी मुलांचा वर्ग असतो, तिथल्या आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी या काळातल्या गोष्टी मराठीत लिहिते. ही मुलं शाळेत सॅक्सन लोक इंग्रजीतून शिकतात, पुठ्ठ्याच्या ढाली रंगवतात, आणि आजीने फोनवर विचारलं, ‘काय शिकलास रे आज?’ तर ‘काही नाही’ म्हणतात. त्या आजीला वाचून दाखवता येईल, आणि ती मध्येच ‘मग पुढे?’ म्हणेल, अशी गोष्ट हवी. माझं माप एवढंच आहे.

आधी वर्ष, मग गाव, मग राजा

रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली ४१० च्या सुमारास आणि फ्रान्सकडचे नॉर्मन आले १०६६ मध्ये. मधली साडेसहाशे वर्षं ‘सॅक्सन काळ’ म्हणून एकत्र कालवली की गोष्ट हातची जाते. ५०० साली सॅक्सन गावात जन्मलेला मुलगा वोडन या जुन्या देवाला मानतो. ७०० सालचा त्याचा वंशज बाप्तिस्मा झालेला, मठात लॅटिन घोकणारा असू शकतो. ५५० साली मुलगी नाणं देऊन पाव घेते असं लिहिलंत तर चूक, कारण तेव्हा इथे नाणी व्यवहारात नव्हती. चांदीची छोटी नाणी पसरायला लागली सातव्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा कागदावर पहिली ओळ वर्षाची लिहा. ‘फार फार वर्षांपूर्वी’ नको.

लढाई हवीच असेल तर ५७७ घ्या. बाथच्या उत्तरेला डिरमपाशी सॅक्सनांनी कॉनमेल, कॉन्डिडन आणि फॅरिनमेल या तीन ब्रिटन राजांना मारलं आणि ग्लॉस्टर, सायरन्सेस्टर आणि बाथ घेतलं, असं अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल, म्हणजे सॅक्सनांची सालवार नोंदींची बखर, सांगतं. क्रॉनिकल रचलं गेलं नवव्या शतकाच्या अखेरीस, आल्फ्रेड राजाच्या काळात. या लढाईबद्दल त्यात एवढंच आहे, म्हणजे बाकीचं रचायला तुम्ही मोकळे. डिरमला आज मोठं उद्यान आहे. टेकडीच्या कडेला उभं राहिलं की पश्चिमेचा सगळा सखल मुलूख दिसतो आणि ही जागा का हवी होती ते कळतं.

मी स्वतः मात्र ६९० च्या आसपास घुटमळते. ६८८ मध्ये इने वेसेक्सचा, म्हणजे पश्चिमेकडच्या सॅक्सनांच्या राज्याचा, राजा झाला आणि काही वर्षांतच त्याने कायदे लिहून काढले. दोनशे वर्षांनी आल्फ्रेडने ते आपल्या कायद्यांना जोडले, म्हणून टिकले. माझं गाव तेव्हा सेलवुड नावाच्या मोठ्या रानाच्या कडेला होतं. रानाच्या पश्चिमेला सॅक्सन सत्ता नुकती पोचलेली. ब्रिटन लोक तिथून कुठे गेले नव्हते. त्याच जमिनी कसत होते आणि नव्या राजाच्या कायद्यात त्यांची वेगळी किंमत लिहिलेली होती.

किंमत म्हणजे अगदी आकड्यांत. माणूस मारला गेला तर मारणाऱ्याने त्याच्या घरच्यांना भरपाई द्यायची, तिला वेरगिल्ड म्हणत. साध्या स्वतंत्र सॅक्सन शेतकऱ्याची २०० शिलिंग. एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन असलेल्या ब्रिटनाची १२०, निम्मी जमीन असेल तर ८०, जमीनच नसेल तर ६०. राजाचे निरोप घेऊन घोड्यावरून जाणाऱ्या ब्रिटनाची मात्र पुन्हा २००. हे आकडे मी फळ्यावर लिहिते आणि गप्प बसते. अन्याय म्हणजे काय यावर भाषण द्यावं लागत नाही. दोन मिनिटांत वर्गात भांडण जुंपतं. आणि त्या शेवटच्या २०० मध्ये एक अख्खं कथानक आहे: साठ शिलिंगच्या घरातला पोरगा राजाचा घोडेस्वार व्हायचं म्हणतो, आणि त्याची आजी चुलीपाशी बसून त्याच्याशी बोलणं टाकते.

चोरी, कुऱ्हाड आणि दहा हिवाळे

इनेच्या कायद्यांचं इंग्रजी भाषांतर मिळवा आणि पेन्सिल घेऊन बसा. राजांच्या वंशावळी वाचण्यापेक्षा हे शंभरपट कामाचं. त्यांत लोक कुंपण मोडतात, डुकरं दुसऱ्याच्या रानात सोडतात, मेंढीची लोकर वेळेआधीच कातरतात. म्हणजे गावात जे जे व्हायचं ते सगळं, आणि पुढे दंड.

माझं सगळ्यात लाडकं कलम चोरीचं. बायकामुलांना न कळता चोरी केली तर ६० शिलिंग दंड. सगळ्या घराला ठाऊक असताना केली तर सगळं घर गुलामगिरीत. आणि लगेच पुढे एक छोटं वाक्य: दहा हिवाळ्यांचा मुलगा चोरीत सामील धरता येतो.

यावर एक पुस्तक सहज उभं राहतं. उपासमारीच्या वर्षी बापाने रात्री मेंढरू आणलंय. मुलगा जागा होता. तो नऊ हिवाळ्यांचा की दहा? जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. आई म्हणते, याच्या वेळी नदी गोठली होती. काका म्हणतो, नदी तर दोनदा गोठली. म्हातारीला आठवतंय, पण तिला विचारायची कुणाची छाती होत नाही, कारण मेंढरू तिच्याच भावाचं. वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, ‘पण दहावं लागलं की दहा पूर्ण झाले?’ तो प्रश्न मी जसाच्या तसा गोष्टीतल्या गावसभेत घातला. त्यावर सभा संध्याकाळपर्यंत चालली.

दुसरं कलम झाडांचं. रानातलं झाड जाळलं आणि उघडकीला आलं तर ६० शिलिंग, कारण आग चोर असते. कुऱ्हाडीने बरीच झाडं पाडली तर फक्त तीन झाडांचा दंड, प्रत्येकी ३० शिलिंग, मग किती का पाडलेली असेनात. कारण कुऱ्हाड चहाडखोर असते, चोर नसते. आवाज होतो ना! ज्याच्या खाली तीस डुकरं उभी राहतील एवढं झाड तोडलं तर ६०. मुलांना आधी नुसता दंड सांगा आणि कारण त्यांना शोधू द्या. सातव्या शतकातला माणूस कसा विचार करायचा हे त्यांना आपोआप कळतं.

बाकीची भराभर सांगते. टाकून दिलेलं मूल सापडलं तर त्याच्या संगोपनाला पहिल्या वर्षी ६ शिलिंग, दुसऱ्या वर्षी १२, तिसऱ्या वर्षी ३०. नवरा वारला तर मूल आईकडे, आणि तिला ६ शिलिंग, उन्हाळ्यात एक गाय, हिवाळ्यात एक बैल. उन्हाळ्यात गाय आणि हिवाळ्यात बैलच का, हे वाचणाऱ्या मुलाला विचारा. आणि परका माणूस वाट सोडून रानातून जात असेल, आणि तो ओरडत नसेल किंवा शिंग वाजवत नसेल, तर त्याला चोर समजावं; मारावं किंवा पैसे घेऊन सोडावं.

एका गोष्टीत एकच कलम वापरा. आणि ते कलम म्हणून वाचून दाखवू नका. कुणीतरी मोठ्याने धमकी म्हणून किंवा सवयीने बोलून जावं, बस्स.

दोन संघ करू नका

इथे मराठी लिहिणाऱ्याला खास जपावं लागतं. ऐतिहासिक गोष्ट म्हटली की आपल्या हाताला मावळे आणि गनीम हा साचा तयार असतो. बघता बघता ब्रिटन मावळे होतात, सॅक्सन गनीम होतात, डोंगरी किल्ला स्वराज्य होतो. लिहायला मजा येते, पण त्या लोकांशी त्याचा काही संबंध राहत नाही.

वेसेक्सच्या राजघराण्याचा मूळपुरुष म्हणून क्रॉनिकल ज्याला सांगतं त्या सेर्डिकचं नावच ब्रिटन वळणाचं आहे. इनेच्या आधीचा राजा कॅडवाला, त्याचंही तसंच. ६३३ मध्ये नॉर्थम्ब्रियाच्या ख्रिस्ती राजा एडविनला हॅटफील्डच्या लढाईत मारलं ते ग्विनेडचा (आजच्या उत्तर वेल्सचा) ख्रिस्ती ब्रिटन राजा कॅडवॉलन आणि मर्शिया या मध्य इंग्लंडमधल्या राज्याचा जुने देव मानणारा पेंडा या दोघांनी मिळून. धर्म एकीकडे, भाषा एकीकडे, मैत्री तिसरीकडेच. गिल्डास तर सॅक्सनांपेक्षा आपल्याच ब्रिटन राजांवर जास्त तुटून पडतो.

हाडांमधून निघालेली माहितीही हेच सांगते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात पूर्व इंग्लंडच्या त्या काळच्या लोकांत सरासरी ७६ टक्क्यांपर्यंत वंश समुद्रापलीकडच्या उत्तर युरोपातला निघाला. म्हणजे माणसं मोठ्या संख्येने आली हे खरं. पण एकाच दफनभूमीत आलेले, इथलेच आणि दोघांची मिसळ झालेले शेजारी शेजारी पुरलेले आहेत. केंटमध्ये ईस्ट्रीजवळ अपडाउन इथे सातव्या शतकाच्या सुरुवातीची, दहा-अकरा वर्षांची एक मुलगी सापडली. सोबत चाकू, हाडाची फणी आणि मडकं. बाकीच्या सॅक्सनांसारखीच पुरलेली. तिचा एक आजोबा, बहुधा वडिलांचा बाप, पश्चिम आफ्रिकन वंशाचा होता. ‘त्या काळात आपल्यासारखं दिसणारं कुणीच नव्हतं का?’ हा प्रश्न ब्रिस्टलच्या वर्गात येतोच. आता माझ्याकडे उत्तर आहे.

आणखी एक. गोष्टीतलं कुणीही स्वतःला केल्ट म्हणवून घेणार नाही. मुखपृष्ठावर हवं तर लिहा, पात्रांच्या तोंडी घालू नका. तिथे ‘आम्ही ब्रिटन’ पुरे, किंवा ‘आम्ही नदीपलीकडचे’.

पंगतीचं पत्र

या सगळ्या काळातला एकच कागद निवडा म्हणालात तर मी अल्डहेल्मचं पत्र निवडीन. अल्डहेल्म माम्सबरीच्या मठाचा प्रमुख, ७०५ मध्ये शेर्बोर्नचा, म्हणजे सेलवुडच्या पश्चिमेचा, बिशप झाला. मोठा पंडित. बाराव्या शतकात माम्सबरीच्याच विल्यमने लिहून ठेवलंय की प्रार्थना आटोपून लोक घरी पळायला लागले की अल्डहेल्म पुलावर उभा राहून त्यांच्या भाषेतली गाणी म्हणायचा आणि माणसं थबकली की हळूच धर्मावर यायचा. गोष्टीत घालायला असा बिशप पुन्हा मिळायचा नाही.

त्याने डम्नोनियाच्या, म्हणजे आजच्या डेव्हन-कॉर्नवॉलच्या, ब्रिटन राजा गेरेंटला पत्र लिहिलं. वाद वरकरणी ईस्टरची तारीख कशी काढायची आणि धर्मगुरूंनी डोकं कसं भादरायचं याचा. पण मध्येच त्याच्या मनातली सल बाहेर येते. सेव्हर्न नदीपलीकडचे डिव्हेडचे (आजच्या नैर्ऋत्य वेल्सचे) ब्रिटन धर्मगुरू आमच्याबरोबर प्रार्थना करत नाहीत, जेवायला बसत नाहीत. आमच्या पानातलं उरलेलं कुत्र्या-डुकरांना टाकतात. आम्ही वापरलेली भांडी वाळूने किंवा निखाऱ्यांनी शुद्ध करायला लावतात. भेटल्यावर साधं अभिवादन नाही. आमच्यातला कुणी त्यांच्याकडे राहायला गेला तर चाळीस दिवस प्रायश्चित्त.

मिरजेला आमच्या शेजारच्या वाड्यात कोनाड्यात वेगळी ठेवलेली कपबशी असायची. कुणासाठी ते लहान मुलांनाही माहीत असायचं. त्यामुळे हे पत्र वाचताना मला तळटीप लागली नाही. मराठी वाचकालाही लागणार नाही, आणि म्हणूनच इथे आपण इंग्रजी लेखकांपेक्षा खोल जाऊ शकतो. फक्त एक विसरू नका: इथे हरत चाललेली माणसं जिंकत आलेल्यांचा विटाळ मानतायत. आणि आपल्यापाशी तक्रार आहे ती एकाच बाजूची. पलीकडे काय वाटत होतं ते कुणी लिहिलेलं नाही. ते लिहायचं काम गोष्टीचं.

मग हा प्रसंग कुणाच्या नजरेतून सांगाल? बिशपच्या नको, राजाच्या नको. भांडी घासणाऱ्या पोराच्या. ओढ्याच्या काठी उकिडवा बसलाय. हातात लाकडी पेला, मुठीत ओली वाळू. पेल्याच्या कडेला त्या सॅक्सन पाहुण्याच्या ओठाची चरबी लागलीय. पहिल्यांदा घासतो तेव्हा नुसतं काम असतं. वाळू लाकडात रुतते, पेला खरखरीत होतो. मग आतून कुणी ओरडतं, ‘परत घास.’ दुसऱ्यांदा घासताना तो विचार करायला लागतो की याच माणसाने सकाळी आपल्याला सफरचंद दिलं होतं आणि आपण ते खाल्लं. आता आपल्याला कशाने घासायचं? तिथेच प्रकरण तोडा.

घर, चूल, कपडे

याबद्दल जास्त लिहायचा मोह होतो, तो आवरा. सफकमध्ये वेस्ट स्टो इथे उत्खननात सापडलेल्या सॅक्सन गावाच्या जागेवरच घरं पुन्हा उभी केली आहेत. जमलं तर जा, नाहीतर फोटो पाहा. तिथल्या घरांखाली खड्डे असत. लोक खड्ड्यात राहत की त्यावर फळ्या टाकून, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही, आणि तिथे दोन्ही तऱ्हा बांधून पाहिल्यात. तुम्ही एक निवडा आणि पुढे चला. धुराडं नाही, धूर छपरातून झिरपतो. आत गेल्यावर पहिले डोळे चुरचुरतात, मग अंधाराची सवय होते, आणि मग भिंतीला टेकलेला उभा माग दिसतो, ताण्याला खाली मातीची कडी वजनं म्हणून लोंबणारी. घरात धावणाऱ्या मुलाचं डोकं त्या वजनांवर आपटणारच. हे मी वापरलंय, तुम्हीही वापरा.

खाण्यात बटाटा, टोमॅटो, मका, मिरची, साखर, चहा यातलं काहीही येऊ देऊ नका. जवाची भाकरी चालेल, वाटाणे, ब्रॉड बीनच्या जाड शेंगा, लीक, चीज, मध, हेझलनट, नदीतली वाम चालेल. दळायला जातं, अगदी आपल्यासारखं फिरवायचं. लोकर कातायला टकळी, आणि बाईच्या हातात ती सतत असावी, बोलताना, भांडतानासुद्धा. कपड्यांना गुंड्या आणि खिसे नाहीत. टाचण्या, पट्टा, पट्ट्याला लटकवलेली पिशवी आणि चाकू. रानात लांडगे आणि बीव्हर आहेत. शरदात मुलं हॉर्स चेस्टनटच्या बिया गोळा करताना दाखवू नका, ते झाड इथे फार उशिरा आलं. शिरस्त्राणाला शिंगं नकोत, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

महिन्यांची जुनी नावं बीड नावाच्या मठात राहणाऱ्या सॅक्सन इतिहासकाराने लिहून ठेवली आहेत. मे म्हणजे गाई दिवसातून तीनदा दूध देतात तो महिना, नोव्हेंबर म्हणजे जनावरं कापायचा. प्रकरणांना हीच नावं द्या, तारखांपेक्षा बरी.

आणि वर्गात ‘तेव्हा इंडिया त्यांना माहीत होता का?’ असं कुणी विचारलंच, तर हाच बीड ७३५ मध्ये जॅरोच्या मठात वारला तेव्हा त्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या तीन वस्तूंमध्ये मिरी होती. मरणाआधी त्याने ती सोबत्यांना वाटून टाकली. मिरी म्हणजे आपल्या मलबार किनाऱ्याची. एवढं सांगून पुढे जायचं. ओढूनताणून कथानकात भारतीय व्यापारी आणायचा नाही.

बोलायचं कसं

‘मुजरा’, ‘सरदार’, ‘जहागीर’, ‘मोहीम फत्ते’ हे शब्द आले की सॅक्सनाच्या डोक्यावर पगडी चढलीच म्हणून समजा. बखरीची भाषा गोड लागते, पण मुलांनाही आता ती नाटकातलीच वाटते. साधी बोली ठेवा. कुंपण, गोठा, वाडी, घोंगडी, चूल हे शब्द बिनधास्त वापरा, कारण त्या वस्तू तिथे खरंच होत्या. मी मुलांना एकमेकांत ‘तू’ ठेवते, आई-बापालाही ‘तू’, आणि राजा, बिशप, गावाचा म्होरक्या यांना ‘तुम्ही’. त्यांच्या भाषेत हा भेद नव्हता, पण ‘तू’ म्हणणारा मुलगा मराठीत उर्मट वाटतो, आणि तो उर्मट असायला हवा तेव्हाच त्याला बिशपला ‘तू’ म्हणू द्यावं.

ब्रिटन पात्रांना वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लावायचं आणि सॅक्सनांना पुणेरी, ही युक्ती कुणीतरी सुचवतंच. करू नका. एक बाजू लगेच विनोदी होते. परकी भाषा दाखवायची तर शब्द कमी करा, क्रियापदं गाळा. नावं आठ वर्षांच्या मुलाला एका दमात वाचता येतील अशी घ्या: एबा, हिल्ड, ओस्वी, कॅडोक, नॉन, बेउनो. एथेलथ्रिथ ही थोर बाई होती, पण तिला मुख्य पात्र करू नका.

शिंगाच्या कायद्यावरचा माझा एक तुकडा देते:

कॅडोकने कमरेला हात लावला. दोरी होती, शिंग नव्हतं.

वाट मागेच राहिली होती. पुढे गाय, मागे तो, आणि पायाखाली ओली पानं. ओरडावं तर गाय बुजेल. न ओरडावं तर…

‘थांब.’

ओकच्या झाडाखाली डुकरं होती आणि डुकरांच्या मधोमध एक मुलगी. हातात काठी. तिच्या भाषेतला हा शब्द त्याला येत होता.

‘गाय माझी,’ तो म्हणाला. ‘आजीची. माझी आजी.’

‘वाट तिकडे आहे.’

‘गाय इकडे.’

मुलीने गाईकडे पाहिलं, मग त्याच्या कमरेच्या रिकाम्या दोरीकडे. खालच्या अंगाने माणसांचे आवाज येत होते. तिने गळ्यातलं शिंग ओठाला लावलं आणि एवढ्या जोरात फुंकलं की डुकरं चौफेर पांगली.

‘आता पळू नकोस,’ ती म्हणाली. ‘पळालास तर मी खोटी पडेन. आणि आधी माझी डुकरं गोळा कर.’

कायदा इथे कुठेच सांगितलेला नाही. तो आदल्या प्रकरणात आजीने शिंगासाठी कमरेला दोरी बांधताना सांगून झालाय. डुकरं ओकखाली आहेत म्हणजे शरद आहे, बिया पडल्यात. आणि शिंग वाजवून त्या मुलीने मोठ्यांपुढे एक खोटं उभं केलंय, ते निभावायला पुढची पन्नास पानं लागतील.

मारामारी आणि गुलामी

हे टाळून हा काळ लिहिता येत नाही. गुलाम सगळीकडे होते, दोन्ही बाजूंना. बीड सांगतो, ६७९ च्या ट्रेंटच्या लढाईत इम्मा नावाचा जखमी योद्धा पकडला गेला. ‘मी साधा शेतकरी, सैनिकांना अन्न पोचवायला आलो होतो,’ असं तो म्हणाला. पण त्याच्या वागण्या-बोलण्यावरून ते उघडं पडलं आणि शेवटी त्याला लंडनमध्ये एका फ्रिजियन (आजच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्याकडच्या) व्यापाऱ्याला विकलं. मुलांना ही गोष्ट फार आवडते, कारण सोंग वठवणं म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. बाल्थिल्ड ही इंग्रज मुलगी गुलाम म्हणून समुद्रापार गेली आणि आजच्या फ्रान्समधल्या फ्रँक लोकांचा राजा दुसरा क्लोव्हिस याची राणी झाली. मात्र ही दुसरी गोष्ट जपून सांगा, नाहीतर गुलामी म्हणजे राणी व्हायचा रस्ता वाटायचा.

रक्ताचं वर्णन मी करत नाही. त्यामागे नाजूकपणा नाही, मूल तिथे नव्हतं एवढंच कारण. मूल गावात असतं. त्याला दिसतं ते परत न आलेलं माणूस, त्याचं न वापरलेलं पांघरूण, आणि त्याच्या वाटणीची भाकरी आता कुणी खायची यावरून मोठ्यांचं अवघडणं.

गोष्ट जड व्हायला लागली की कोडं घाला. अल्डहेल्मने स्वतः लॅटिनमध्ये शंभर कोडी रचली. मिठावर, रेशमाच्या किड्यावर, आयुष्यात न पाहिलेल्या हत्तीवरसुद्धा. एक साधारण असं आहे: मी आपणहून कुणाला दुखवत नाही, पण माझा हिरवा देठ तोडायला हात पुढे केलास तर तुझा हात सुजेल. इथल्या वाटांवर अनवाणी फिरलेलं प्रत्येक मूल क्षणात ओरडतं, ‘नेटल!’, म्हणजे अंगाला लागली की आग होणारी इथली रानटी वनस्पती. प्रकरणाच्या शेवटी कोडं आणि पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत उत्तर ठेवलं की पान उलटतंच.

राहिली टीप. काय खरं आणि काय रचलेलं हे मुलांना सांगायलाच हवं, ती फसवणूक विसरत नाहीत. इने, अल्डहेल्म, पत्र, दंडाचे आकडे खरे. कॅडोक, डुकरं राखणारी मुलगी आणि आजी माझी, असं सरळ लिहा. एक पान पुरे. आणि ते पुस्तकाच्या शेवटी ठेवा. पुढे ठेवलं तर आईबाबा मन लावून वाचत बसतात आणि तोवर मूल झोपून जातं.